तिथनं डोळे मिटून चाललीस का?

माझ्या शेटने मला फसवलं. सहा वर्षं मी त्याच्या बोईसरच्या ऑफिसात बसून ड्रॉइंग काढली आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे काढणाऱ्याचं नाव असतं, तिथे त्याने स्वतःचं नाव घातलं. तपासणाऱ्याच्या चौकोनातही त्याचंच. म्हणजे काढलं त्याने, तपासलं त्याने, आणि मी काय तिथे फरशी पुसत होते? हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं आहे.

दुसरी गोष्ट. मी नवापूरची. आमच्या गावात खाडीपासून वडापर्यंत प्रत्येक जागेची एकेक भुताची गोष्ट आहे, आणि लहानपणापासून मी सांगणाऱ्याला एकच विचारत आले – "तू स्वतः पाहिलंस का?" आई मासे विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून मी वाढले. समोरचा जे बोलतो त्यातलं निम्मं वजा करायचं, ही सवय तेव्हापासूनची. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतानाही मी तेच करते. तुम्हीही माझ्या सांगण्यातून हवं तेवढं वजा करा. जे उरेल, ते मात्र मला कुणीतरी समजावून सांगा.

माझं नाव नंदा. आयटीआय करून ड्राफ्ट्समन झाले. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमध्ये जे पाईप असतात – या टाकीतून त्या पंपात, त्या पंपातून वर – त्यांची ड्रॉइंग काढते. गेल्या वर्षी शेटशी कडाकड भांडून बाहेर पडले आणि बोईसरच्या भाड्याच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर मांडला. फ्रीलान्सर झाले म्हणायचं. खरं म्हणजे, कुणी ओळखत नाही अशी ड्राफ्ट्समन झाले. नवीन माणूस विचारतो, "आधीचं काम दाखवा." दाखवलं, की कोपऱ्यात शेटचं नाव! "मॅडम, हे तर दुसऱ्याचं आहे." किती जणांशी भांडणार?

मग दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. वर्षभराचं काम, घरी बसून करायचं, आणि ड्रॉइंगवर काढणाऱ्याचं म्हणून माझं नाव. ते वाक्य मी तीनदा वाचलं. गुरुवारी सकाळी साडेअकराला ऑनलाइन इंटरव्ह्यू.

मी आयुष्यात इंटरव्ह्यू दिला नव्हता. शेटकडे लागले तेव्हा त्याने फक्त "कधीपासून येतेस?" एवढंच विचारलं होतं. म्हणून तयारीला लागले. कॅमेऱ्याच्या मागची भिंत पुसली, कपड्यांची दोरी सोडली, नेट गेलं तर म्हणून दुसरं सिम घेतलं. पोर्टफोलिओत आठ ड्रॉइंग लावली. आठवं माझं सगळ्यात आवडतं होतं – त्यात आधीचा नकाशा आणि नंतरचा, दोन्ही शेजारी शेजारी. आधीच्या नकाशात पाईप जमिनीलगत येऊन मध्येच वर चढायचा, कमान करून पलीकडे उतरायचा आणि परत जमिनीलगत जायचा. कशासाठी? कागदावर काही कारण दिसत नव्हतं. मी तो सरळ केला. चार एल्बो, म्हणजे वळणावरचे जोड, आणि सहा मीटर पाईप वाचला. सुचवलं मी, काढलं मी. शेट कंपनीत जाऊन छाती फुगवून "मी वाचवला" म्हणून सांगून आला.

सरावाला समोर कुणीतरी हवं. मैत्रिणी कामावर. उरली आई. ती नवापूरला एकटी असते. रविवारी तिला सांगितलं, रोज सकाळी मोबाईलवर व्हिडिओ कॉल कर आणि मला प्रश्न विचार.

आईला मोबाईल धरता येत नाही. कॅमेऱ्यात ती कधीच नसते. घराचं कौलारू छप्पर, पंखा, आणि फार झालं तर तिचं अर्धं कपाळ.

"आई, तू पुण्याची साहेब आहेस असं समज."

"साहेब कशाला? मी मॅडम."

"बरं, मॅडम. विचारा."

"माल ताजा हाय का?"

"आई!"

"मग काय विचारू? मला काय कलतं तुझ्या पायपातलं? बरं ऱ्हावदे... तुझ्याकडनंच का घेवाचा? बाजूवालीकडनं का नाय?"

हा प्रश्न प्रत्येक इंटरव्ह्यूत असतो म्हणे, आणि मला उत्तर येत नव्हतं. दहा मिनिटं मी शेटला शिव्या घातल्या – त्याने नाव चोरलं, त्याने असं केलं, तसं केलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"नंदे, गिऱ्हाईकाला बाजूवालीचं गाऱ्हानं सांगू नको. आपला मासा दाखव. आनि कल्ला आपनच उघडून दाखवाचा. लाल असो, काला असो. गिऱ्हाईकाने उघडला का आपली पत गेली."

हे ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. माशाचा कल्ला, म्हणजे गालाचं झाकण, आत लाल असेल तर मासा ताजा. ती गिऱ्हाईकाने हात पुढे करायच्या आधी स्वतः उघडून दाखवायची. शिळा असेल तरीही. "हा कालचा हाय, कालवनाला घे, तलायला नको." म्हणून तिच्या पाटीशी माणसं थांबायची. मी म्हटलं, ठीक आहे, पण माझ्या ड्रॉइंगना कल्ले नसतात.

सोमवारीही असाच सराव झाला. मग मंगळवार.

अकराला पाच मिनिटं असताना मोबाईल वाजला. आईचा नंबर, आईचं नाव, व्हिडिओ. उचलला. तेच छप्पर, पंखा हळूहळू फिरत होता. माझ्या मनात आलं, चला, पंखा दुरुस्त करून घेतला वाटतं... तिच्याकडचा गणपतीपासून बंद होता. एक पातं बाकीच्यांपेक्षा गडद दिसत होतं.

"मॅडम, सुरू करा," मी हसून म्हटलं.

"नंदाबाय, आठवा कागद काढ."

आवाज आईचा. अगदी तिचाच, थोडा बसलेला. पण ती मला 'नंदे' म्हणते. मला वाटलं, मॅडम झाल्यामुळे मान देतेय. आणि आठ कागद आहेत हे मी तिला सांगितलेलंच होतं. काढला.

"पाईप वर का नेलेला?"

"काही कारण नव्हतं. म्हणूनच मी सरळ केला."

"कारन नव्हतं का तुला दिसलं नाय?"

आता मला राग यायला लागला. मासे विकणारी बाई मला पाईप शिकवतेय! पण सराव म्हणून उत्तर देत राहिले. मोजमाप सांगितलं, दाब सांगितला, वाचलेले एल्बो सांगितले. प्रत्येक उत्तरानंतर नुसता पंखा फिरत असायचा. मग तोच प्रश्न, थोडा वेगळा करून. जागेवर गेलेलीस का? पंपाच्या मागं काय हाय? तिथं मानूस कुठनं कुठं जातो? आणि शेवटी –

"तिथनं डोळे मिटून चाललीस का?"

"काय?"

"डोळे मिटून. हात पुढं धरून. चाललीस का, नंदाबाय?"

"आई, बास झाली मस्करी!" मी ओरडले आणि फोन कट केला. सव्वीस मिनिटं झाली होती.

कट केल्यावर मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. कारण 'नंदाबाय' म्हणणारा आणि डोळे मिटून चालणारा माणूस मला माहीत होता.

हरेश्वर काका. शेटच्या ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन, वाणगावचे. कॉम्प्युटर यायच्या आधीपासून हाताने काढायचे. मला खरं काम त्यांनी शिकवलं. बोलायचे कमी. पाईपच्या नवीन लाईनचं माप घ्यायला कंपनीत गेले की सगळं मोजून झाल्यावर डोळे मिटायचे, दोन्ही हात पुढे धरायचे आणि त्या जागेत इकडून तिकडे चालायचे. बरोबर गेलेले आम्ही लांबून हसायचो. कुणी म्हणायचं देवाला आळवतात, कुणी म्हणायचं म्हाताऱ्याला कमी दिसतं. मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, ते घरी बसले. ती कमानीची लाईन त्यांची होती. मी सरळ केली ती ते घरी बसल्यावर.

मला वाटलं, आईला कुणीतरी पढवलंय. शेटनेच असेल! इंटरव्ह्यू बिघडवायला तो काहीही करेल. तशीच स्कूटर काढली आणि नवापूर गाठलं. आई घरी नव्हती. वाळवणीवर होती, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या दांड्यांवर, बोंबील पालथे करत.

"कुणी सांगितलं तुला ते विचारायला?"

"काय विचारायला?"

"फोनवर! आत्ता!"

"कोन बोल्ला मी फोन केला? सात वाजल्यापास्नं मी इथं हाय. मोबाईल बंद पडलाय काल सांजेपास्नं, पेटीत ठेवलाय. तुझा सराव आज ऱ्हायला, म्हनून मलाच वाईट वाटत व्हतं."

शेजारच्या वलांडीवरची बाई म्हणाली, "हलली नाय गो ती सकालपास्नं. इथंच हाय."

घराची चावी आईच्या कमरेला. कुलूप उघडलं, पेटी उघडली. मोबाईल फडक्यात गुंडाळलेला, बंद. चार्जिंगला लावला, सुरू झाल्यावर पाहिलं – सोमवारच्या कॉलनंतर काहीही नाही. माझ्या मोबाईलवर मात्र आहे. आईचं नाव, मंगळवार, सव्वीस मिनिटं. मी वर पाहिलं. पंखा बंद होता, पात्यांवर धूळ, आणि चारही पाती एकाच रंगाची.

आई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बस नंदे. पानी पी." मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

बुधवारी सकाळी वाणगावला गेले. सोबत आठव्या ड्रॉइंगचे दोन्ही प्रिंट. काकींनी दार उघडलं. दोन वर्षांत मी एकदाही गेले नव्हते, त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. काका आतल्या खोलीत खाटेवर, पाठीला उशी लावून बसलेले. उजवा हात मांडीवर निपचित. मी पाया पडले, उठताना नजर वर गेली.

कौलं. हळूहळू फिरणारा पंखा. तीन पाती पांढरी, एक तपकिरी.

"पातं तुटलं, तं दुसऱ्या पंख्याचं लावलं," काकी म्हणाल्या. मी बघत राहिले म्हणून सांगितलं असावं.

"काकी, काल सकाळी... इथे कुणी आलं होतं? कुणी मोबाईलवर बोललं?"

"कोन येतंय आता? आनि मोबाईल आमच्या घरात नायच. पोरगा आपल्याबरोबर नेतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "काल सकाली यांचाच काय तरी चाललेला. डोले मिटलेले, डावा हात असा पुढं. मी हाक मारली तरी उघडी नाय. अर्धा तास. मी घाबरले. मंग एकदम हात खाली टाकला आनि झोपले."

"किती वाजता?"

"भात टाकलेला मी. अकरा असतील."

मी प्रिंट काकांच्या मांडीवर ठेवले. आधी कमानीचा. डाव्या हाताचं बोट त्यांनी रेषेवरून नेलं – वर, आडवं, खाली. मग माझा सरळ केलेला. बोट सरळ गेलं, आणि मध्येच थांबलं. त्यांनी डोळे मिटले. डावा हात पुढे केला. आणि डावा पाय खाटेखाली सरकवून तिथल्या स्टुलाच्या दांड्यावर आपटला. एकदा. दोनदा. काकी "अहो, लागेल" म्हणून धावल्या. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"काका, फोन तुम्ही केलात?" मी विचारलं.

ते बघत राहिले. मान हलली नाही – हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

दुपारी तो पाईप जिथे आहे त्या कंपनीत गेले. गेटवरचे ओळखतात, जुनं माप तपासायचंय म्हटलं, हेल्मेट घालून आत गेले. माझा सरळ पाईप जमिनीपासून गुडघ्याच्या जरा खाली, पंपाच्या बाजूची वाट कापून जात होता. लोक न बघता त्यावरून पाय टाकत होते. वाटेच्या पलीकडच्या टोकाला, पंपाच्या मागे, हिरवा बोर्ड – सेफ्टी शॉवर. अंगावर किंवा डोळ्यात केमिकल उडालं तर धावत जाऊन उभं राहायची जागा. आमच्या ड्रॉइंगमध्ये फक्त पाईप असतो. वाट नसते, शॉवर नसतो, माणूस नसतो.

मी पंपापाशी उभी राहिले, डोळे मिटले, हात पुढे धरले. सहाव्या पावलाला नडगी पाईपवर आपटली आणि मी तोंडावर पडले.

ऑपरेटर धावत आला. "अरे मॅडम! ये पाईप तो सबको लगता है. देख के चलने का."

"आँख बंद करके चल रही थी."

"शॉवर तक आँख बंद करके कौन जाता है?" तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने पाईपकडे पाहिलं, शॉवरकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "जिसको जाना पड़ेगा... वो तो आँख बंद करके ही जाएगा."

गुरुवारी साडेअकराला मी कॅमेऱ्यासमोर होते. टेबलाखाली नडगी सुजलेली. समोर एक मॅडम आणि एक साहेब. आठवं ड्रॉइंग मी काढून टाकू शकले असते. आदल्या संध्याकाळी दोनदा काढलं, दोनदा परत लावलं. साहेब तिथे आले आणि म्हणाले, "हे फार छान आहे. चार एल्बो वाचवलेत. असाच विचार करणारी माणसं हवीत आम्हाला." आणि ते पुढे जायला लागले.

लक्षात घ्या, कुणी काही विचारलं नव्हतं. दोन दिवस मी त्या प्रश्नाच्या धास्तीत होते, आणि तो आलाच नाही. गप्प बसले असते तर वर्षाचं काम आणि माझं नाव तिथेच होतं, हातभर अंतरावर. मला आईची पाटी दिसली. तिचा अंगठा माशाच्या गालाखाली जाताना दिसला.

"साहेब, थांबा. हे चुकलेलं आहे," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. वाट, शॉवर, कमान कुणी काढली होती, सरळ कुणी केली. फोनचं सोडून सगळं. मॅडम लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "काल. डोळे मिटून चालले तेव्हा." मला वाटलं, काम गेलं.

आठवड्याने मेल आला. वर्षाऐवजी तीन महिन्यांचं काम, नंतर बघू. ड्रॉइंगवर माझं नाव. मी घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच हे इथे लिहिते आहे. मी त्या पाईपवाल्या कंपनीला लेखी कळवलं, की लाईन परत वर न्यायला हवी. ते म्हणाले, मान्य आहे, पुढच्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवू तेव्हा, करू, पण ज्याच्या नावाचं ड्रॉइंग आहे त्याने दुरुस्ती सही करून द्यायला हवी. म्हणजे शेट. शेटला फोन केला. तो काय म्हणाला माहीत आहे?

"ते तर तूच काढलं होतंस ना, नंदा? माझा काय संबंध?"

सहा वर्षं हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी भांडले. आणि त्याने ते तोंडातून काढलं कधी, तर आता, हात झटकायला!

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दोघांना मी तो कॉल दाखवला. एक म्हणतो नंबरची नक्कल झाली असेल, दुसरा म्हणतो सिमवाल्या कंपनीचा घोळ. असेल. पण नक्कल करणाऱ्याला आठवा कागद कसा माहीत? एक पातं तपकिरी असलेला पंखा त्याने कुठून आणला? ज्याची वाचा गेली आहे त्याचा प्रश्न माझ्या आईच्या आवाजात कसा आला? मला माहीत नाही. परवा काकांकडे परत गेले होते, तासभर बसले. ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं नाही.

पण विचारणाऱ्याने मला विचारलं, आणि मी उत्तर दिलं. रेषा मी ओढली, हे मी लिहून दिलं आहे, खाली माझी सही आहे. आता शेट, तू हा ग्रुप वाचतोस हे मला ठाऊक आहे. पाईप अजून तिथेच आहे, गुडघ्याच्या जरा खाली. काढणारा म्हणून तुझं नाव, तपासणारा म्हणून तुझं नाव. ते मी नाही घातलं, तू घातलंस. शटडाऊनच्या आधी त्या कागदावर सही कर. नाहीतर पंपापाशी उभा राहा, डोळे मिट, आणि चालून दाखव. मग सांग कुणाचा काय संबंध.